एएनए पॉझिटिव्ह आलाय, आता काय करू? (वाचकांचे प्रश्न)

यावेळी आलेल्या पत्रांत बऱ्याच जणांनी रक्ताच्या रिपोर्टचे फोटोच पाठवलेत, एएनए, आरए फॅक्टर, थायरॉइडच्या अँटीबॉडी, कुणाची अख्खी बारा पानांची पीडीएफ, आणि खाली एकच ओळ, डॉक्टर हे सिरियस आहे का? म्हणून हे सदर आज पूर्ण ऑटोइम्यून आजारांच्या रिपोर्टनाच दिलंय. ऑटोइम्यून म्हणजे थोडक्यात, आपली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंऐवजी आपल्याच शरीराच्या मागे लागते तो प्रकार. त्यासाठी ती रक्तात जी प्रथिनं सोडते त्या अँटीबॉडी, आणि पेशींच्या केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी शोधणारी टेस्ट म्हणजे एएनए. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, त्वचा, सांधे, किडनी अशा अनेक अवयवांना धरणारा ल्युपस, थायरॉइडचा हाशिमोटो, हे सगळे त्याच कुटुंबातले. फोटोवरून निदान मी करत नाही, ते तुम्हाला समोर बसवून, सांधे दाबून, प्रश्न विचारूनच होतं. पण छापलेला आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही हे नक्की सांगता येईल. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : मी २७ वर्षांची, नाशिकला नोकरी करते. ऑफिसच्या फुल बॉडी चेकअपमध्ये एएनए पॉझिटिव्ह आलं, १:८०, स्पेकल्ड पॅटर्न. मला तसा काही त्रास नाही, फक्त केस गळतात आणि संध्याकाळी थकायला होतं. गुगल केलं तर सगळीकडे ल्युपस. आई रडतेय कारण डिसेंबरमध्ये माझं लग्न आहे. परत टेस्ट करू का? सासरी सांगायला पाहिजे का?

आधी आईला सांगा की रडू नका, आणि मग हे उत्तर त्यांना वाचून दाखवा.

ही टेस्ट लॅबमध्ये कशी होते ते समजलं की अर्धी भीती जाते म्हणून जरा सविस्तर सांगते. रक्तातल्या पेशी बाजूला काढल्या की जो पिवळसर द्रव उरतो, सीरम, तो घेतात आणि पातळ करतात, ४० पट, मग ८० पट, १६० पट, ३२० पट, असं दर वेळी दुप्पट. काचेच्या स्लाइडवर माणसाच्या पेशींचा पातळ थर आधीच लावलेला असतो, लॅबमध्ये वाढवलेल्या या पेशींना हेप-२ म्हणतात, त्यांची केंद्रकं मोठी असतात म्हणून बघायला सोप्या. त्यावर तुमचं सीरम टाकतात. केंद्रकाला चिकटणाऱ्या अँटीबॉडी तुमच्या रक्तात असल्या तर त्या तिथे चिकटून राहतात, बाकीचं धुऊन जातं. मग हिरवा चमकणारा रंग जोडलेलं दुसरं रसायन टाकतात आणि अंधाऱ्या खोलीत खास मायक्रोस्कोपखाली बघतात. केंद्रकाचा पूर्ण गोळा एकसारखा हिरवा दिसला तर होमोजीनियस, बारीक ठिपके दिसले तर स्पेकल्ड. तुमचं १:८० म्हणजे ८० पट पातळ केल्यावरही थोडी चमक दिसली, १६० पट केल्यावर नाही. आणि चमक आहे की नाही हे बऱ्याच ठिकाणी माणसाच्या डोळ्यानेच ठरतं, त्यामुळे एका लॅबचं १:८० दुसऱ्या लॅबमध्ये १:४० किंवा १:१६० येणं हे रोजचं आहे, त्यात कुणाची चूक असतेच असं नाही.

आता मुख्य मुद्दा. १९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या १५ लॅबनी मिळून पूर्ण निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं. त्यात १:४० ला जवळपास ३२ टक्के लोक पॉझिटिव्ह आले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला सुद्धा ३ टक्के. म्हणजे तुमच्या ऑफिसात शंभर निरोगी लोकांची ही टेस्ट केली तर १:८० ला बारा-तेरा जण सहज पॉझिटिव्ह येतील. बायकांमध्ये जास्त, वय वाढेल तसं जास्त, थायरॉइडचा त्रास असलेल्यांमध्ये जास्त, एखाद्या व्हायरल तापानंतर काही दिवस, आणि टीबीच्या औषधातल्या आयसोनियाझिडनेही येतं.

मग ही टेस्ट करतातच कशाला? कारण ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये एएनए पॉझिटिव्ह असतं, त्यामुळे ज्याच्या लक्षणांवरून आम्हाला ल्युपसची शंका येते त्याचं एएनए निगेटिव्ह आलं तर ती शंका बहुतेक मिटते. उलट्या बाजूने मात्र हे चालत नाही. २०१९ साली अमेरिका आणि युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपससाठी जे निकष ठरवले त्यात १:८० एएनए ही फक्त पहिली अट आहे, त्यानंतर सांधे, त्वचा, किडनी, रक्तपेशी या सगळ्याचे गुण मोजतात, दहा गुण झाले तर पुढे, आणि त्यात किमान एक तरी गोष्ट पेशंटच्या शरीरातल्या बिघाडाची असावी लागते, नुसत्या अँटीबॉडीवर ल्युपस ठरत नाही.

तुम्ही स्वतःलाच विचारून बघा. उन्हात गेल्यावर गालांवर लाल चट्टे येतात का, तोंडात न दुखणारे फोड येतात का, बोटांचे सांधे सुजून सकाळी आखडतात का, थंडीत किंवा गार पाण्यात बोटं आधी पांढरी मग निळी पडतात का, खोल श्वास घेताना छातीत कळ येते का, लघवीला फेस येतो का, पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज, विनाकारण ताप? यातलं एकही नसेल तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट) आणि लघवीची साधी तपासणी एकदा करून घ्या, तिन्ही व्यवस्थित आल्या तर विषय संपला. लघवीची तपासणी लोक हलक्यात घेतात, पण ल्युपस किडनीत गेला तर आधी तिथेच कळतं, पेशंटला दुखतखुपत काही नसतं.

केस गळणं आणि थकवा यासाठी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची टेस्ट) बघा. आपल्याकडे या वयाच्या मुलींमध्ये लोह कमी असणं इतकं कॉमन आहे की मी आधी तिकडेच बघेन.

एएनए परत करू नका. आणि कुणी सांगितलं की आता एएनए प्रोफाइल करा, म्हणजे ती पट्टीवरची पंधरा-सतरा अँटीबॉडींची टेस्ट, तर लक्षणं नसताना तीही करू नका, त्यात एखाद्या पट्टीवर फिकट रेघ उमटते, रिपोर्टवर एक प्लस येतो आणि अजून सहा महिने झोप जाते.

सासरी काय सांगायचं, तर सांगण्यासारखा आजारच नाहीये. माझं मत स्पष्ट आहे, लक्षणं नसलेल्या माणसाच्या हेल्थ पॅकेजमध्ये एएनए असूच नये, त्यातून आजार क्वचित सापडतो आणि घरंच्या घरं घाबरतात, त्यातही लग्नाच्या वयाच्या मुलींना हे जास्त भोगावं लागतं, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. लग्न आनंदाने करा.

प्रश्न : वय ५८, बार्शीजवळ शेती करतो. दोन्ही गुडघे दुखतात, उकिडवं बसलं की उठवत नाही. आर्थ्रायटिस प्रोफाइल केली त्यात आरए फॅक्टर २४ (नॉर्मल २० पर्यंत), एएसओ ३२० (नॉर्मल २०० पर्यंत), युरिक ॲसिड ७.२. संधिवात आहे असं सांगून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू केलंय आणि डाळी, टोमॅटो, वांगं सगळं बंद केलंय. बरं काहीच वाटत नाही.

काका, तीन आकडे तीन वेगळ्या आजारांचे आहेत आणि तुमच्या पत्रावरून तरी तिघांपैकी एकही गुडघ्याचं कारण वाटत नाही.

आरए फॅक्टर नावावरून आमवाताची टेस्ट वाटते, पण साठीच्या आसपास निरोगी लोकांमध्येही थोडी वाढलेली सापडते, हिपॅटायटिस सी, टीबी, जुनाट इन्फेक्शन यातही वाढते. २० ची मर्यादा आणि तुमचं २४, हे काठावरचं आहे. नॉर्मलच्या तिप्पट वर गेलं तर आम्ही त्याला जास्त वजन देतो, आणि सोबत अँटी-सीसीपी नावाची टेस्ट करतो, ती आमवातासाठी बरीच खात्रीची आहे. पण त्याही आधी सांधे बघायचे. आमवात बहुतेक वेळा हाताच्या बोटांच्या मुळाशी, मनगटात, तळपायाच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना सुरू होतो आणि सकाळी तास-दीड तास हात आखडलेले असतात. तुमचं दुखणं उठताबसताना, चढताना, आयुष्यभर वाकून काम केलेल्या गुडघ्यांचं, हे झिजेचं जास्त वाटतं. उभं राहून काढलेला गुडघ्यांचा एक्सरे आणि एकदा हाडांच्या डॉक्टरांचा हात लागू द्या.

एएसओ म्हणजे घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचं इन्फेक्शन कधीतरी होऊन गेल्याची खूण, बस. शाळकरी मुलाला घसा दुखल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ताप, एकातून दुसऱ्या सांध्यात फिरणारी सूज, धाप, असं झालं तर ऱ्हुमॅटिक फीव्हरसाठी ही टेस्ट कामाची, कारण तो आजार हृदयाच्या झडपा खराब करतो, आणि अशा मुलांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिन देणं हे जीव वाचवणारं काम आहे. ५८ वर्षांच्या गुडघ्यांना त्याचा उपयोग नाही. तरी एक सांभाळा, लहानपणी तुम्हाला झडपेचा आजार सांगितलेला असेल तर इंजेक्शन परस्पर बंद करू नका. नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा, हे नेमकं कशासाठी चालू आहे? विचारण्यात अपमान कुणाचाच नाही.

युरिक ॲसिड ७.२ हे थोडं वर आहे. ते वाढून होणारा सांध्यांचा आजार म्हणजे गाऊट. पण गाऊटचा झटका ज्याला आलाय तो विसरत नाही, रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद, टम्म सुजलेला, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. तसं कधी झालं नसेल तर नुसत्या या आकड्यासाठी सहसा औषध देत नाहीत. डाळीने गाऊट होतो ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलीय, मोठ्या अभ्यासांत मात्र डाळी-कडधान्यांनी गाऊट वाढल्याचं दिसलेलं नाही, दारूने, त्यातही बिअरने, आणि कलेजीसारख्या मटणाने वाढतो. तुम्ही वरण खा. या वयात प्रोटीन तोडलं तर मांडीचे स्नायू अजून कमी होतील आणि गुडघ्यावरचा भार वाढेल, आणि मांडीचा पुढचा स्नायू मजबूत करण्याचा व्यायाम हाच तुमच्या दुखण्यावरचा मोठा उपाय आहे. टोमॅटो-वांग्याने काही बिघडत नाही.

प्रश्न : मी कोल्हापूरची, ४१ वर्षांची गृहिणी. तीन महिने झाले, दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजतात. सकाळी कणिक मळता येत नाही, पिळे घालता येत नाहीत, दहा वाजेपर्यंत हात मोकळे होत नाहीत. आरए फॅक्टर निगेटिव्ह, एएनए निगेटिव्ह. सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नको.

ताई, या अंकातल्या सगळ्या पत्रांमध्ये तुमचं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त घाई झाली.

आमवात असलेल्या साधारण चारातल्या एका पेशंटचा आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी दोन्ही निगेटिव्ह असतात. त्याला आम्ही सेरोनिगेटिव्ह म्हणतो, औषधं जवळपास तीच लागतात. तुमची तर अँटी-सीसीपी झालेलीच दिसत नाही, ती करा, पण तिच्या रिपोर्टसाठी थांबू नका. सुजलेले छोटे सांधे, दोन्ही हातांना, सकाळी तासाच्या वर आखडणं, सहा आठवड्यांपेक्षा जास्त, एवढ्यावर संधिवाततज्ज्ञांकडे जायलाच पाहिजे. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीत लिहिलेलंच आहे की सूज सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञाने बघावं आणि तीन महिन्यांत औषध सुरू व्हावं, कारण सुरुवातीला पकडलं तर आजाराने हाडं खराब करायच्या आधी तो थांबवता येतो, नंतर वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. तुमचे तीन महिने होऊन गेलेत.

घरी एक करून बघा. दुसऱ्या कुणाला तरी तुमचा हात हस्तांदोलन केल्यासारखा धरून बोटांच्या मुळाशी, आडवा, हलका दाबायला सांगा. कळ आली तर ते डॉक्टरांना सांगा. आणि सकाळी उठल्या उठल्या, अंगठी बोटात अडकते तेव्हा, दोन्ही हातांचे फोटो मोबाइलवर काढून ठेवा, कारण दुपारच्या अपॉइंटमेंटला सूज उतरलेली असते आणि मग पुन्हा सगळे म्हणतात की काही दिसत नाही.

ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या टेस्टही करून घ्या, पण त्या नॉर्मल आल्या तरी आजार नाही असं होत नाही. शंका असेल तर हातांची सोनोग्राफी होते, त्यात सांध्याच्या आतली सूज आणि वाढलेला रक्तप्रवाह सरळ दिसतो, डॉक्टरांच्या बोटांना न लागणारी सूजसुद्धा.

अजून काही गोष्टी सांगायला विसरू नका. गेल्या वर्षभरात चिकनगुनिया झाला होता का? त्यानंतर अगदी असाच हातांचा त्रास काही महिने राहतो, २०२४ मध्ये पुण्या-नागपूरकडे चिकनगुनिया झालेले खूप पेशंट मग आमच्यासारख्यांकडे आले. डोक्यात, कोपरांवर खवल्यांचे चट्टे किंवा नखांवर टाचणी टोचल्यासारखे खड्डे आहेत का? तो सोरायसिसचा संधिवात असू शकतो, त्यात आरए फॅक्टर सहसा निगेटिव्हच असतो. डोळे लाल होऊन दुखतात का, पहाटे कंबर आखडते का?

कळकळीची विनंती, अपॉइंटमेंट मिळेपर्यंत कुणी दिलेली बिनलेबलची पुडी किंवा गोळी घेऊ नका. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय, दोन दिवसांत हात मोकळे होतात, सीआरपी नॉर्मल येतो, आणि निदान अजून लांबतं. टेन्शनने थकवा येतो, झोप उडते, अंगही दुखतं, पण बोटांचे सांधे सुजत नाहीत हो.

प्रश्न : मूळची रत्नागिरीची, सध्या मस्कतला असते, वय ३२. चार वर्षांपासून ल्युपस आहे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. दर सहा महिन्यांनी एएनए करते, अजूनही १:६४० येतं. ईएसआर कायम ५० च्या वर, सीआरपी मात्र नॉर्मल. औषध लागू पडत नाहीये का? आम्हाला आता बाळ हवंय. जुन्या रिपोर्टमध्ये अँटी-रो पॉझिटिव्ह होतं, त्याची फार भीती वाटते.

एएनए करणं आजपासून बंद करा, पैसे वाचतील. ते निदानाच्या वेळी एकदा लागतं, आजार शांत झाला तरी वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं, त्यावरून औषध लागू पडतंय का हे कळत नाही.

तुमच्यासाठी बघायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. लघवीतल्या प्रोटीन आणि क्रिएटिनिनचं प्रमाण, हे सगळ्यात महत्त्वाचं, ते ०.५ च्या वर गेलं आणि परत तपासल्यावरही तसंच आलं तर किडनीची बायोप्सी करायची का याचा विचार लगेच करतात. सीबीसी, कारण ल्युपसमध्ये पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, हिमोग्लोबिन काहीही कमी होऊ शकतं. आणि डीएसडीएनए या ल्युपसच्या अँटीबॉडीचा आकडा आणि सी३, सी४ एकत्र बघायचे. सी३, सी४ ही रक्तातली प्रथिनं आहेत, ल्युपस पेटला की ती वापरली जाऊन कमी होतात, म्हणजे इथे आकडा खाली जाणं ही धोक्याची खूण. डीएसडीएनए वर आणि सी३, सी४ खाली, असं सुरू झालं तर तुम्हाला बरं वाटत असलं तरी लघवीच्या तपासण्या कमी अंतराने करतात.

ईएसआर आणि सीआरपीचं तुमच्यासारखं चित्र ल्युपसमध्ये नेहमीचं आहे. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात ते, ॲनिमिया असला, रक्तात अँटीबॉडीची प्रथिनं जास्त असली की त्या भराभर बसतात, म्हणून ल्युपसमध्ये तो वर राहतो. सीआरपी लिव्हरमध्ये तयार होतो आणि ल्युपस पेटलेला असतानाही पुष्कळदा फारसा वाढत नाही. म्हणूनच हे लक्षात ठेवा, तुम्हाला ताप आला आणि सीआरपी एकदम ६०-७० गेला तर ल्युपस वाढला असं घरीच धरून स्टिरॉइड वाढवू नका, आधी इन्फेक्शन शोधावं लागतं. छातीत पाणी झालं किंवा सांधे खूप सुजले तर ल्युपसनेही वाढतो, पण तो फरक डॉक्टरांनी करायचा.

आता बाळाचं. अँटी-रो ही ल्युपसमध्ये सापडणारी एक अँटीबॉडी. ती पॉझिटिव्ह असलेल्या आईच्या शंभरातल्या एक-दोन बाळांना हृदयाचे ठोके मंदावण्याचा, हार्ट ब्लॉकचा त्रास होऊ शकतो, म्हणजे अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव बाळांना होत नाही, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवल्याने हा धोका अजून कमी होतो. म्हणून दिवस राहिले की घरातली मंडळी गोळ्या नकोत म्हणतील, तेव्हा ही गोळी अजिबात सोडू नका, ती गरोदरपणात चालते. १६ ते २६ आठवड्यांच्या दरम्यान बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी, फीटल एको, पुन्हा पुन्हा करतात, हे गायनॅकला आधीच सांगून ठेवा. आजार किमान सहा महिने शांत हवा, आणि ल्युपसचं दुसरं काही औषध, मायकोफेनोलेट वगैरे, चालू असेल तर ते आधीच बदलून घ्यावं लागतं.

त्याआधी अँटीफॉस्फोलिपिडच्या तीन टेस्ट झाल्यात का बघा, ल्युपस अँटिकोॲग्युलंट, अँटी-कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. यातली एखादी पॉझिटिव्ह आली तर १२ आठवड्यांनी परत करून खात्री करतात, कारण इन्फेक्शननंतर त्या थोड्या दिवसांसाठी येतात. खरंच असतील तर रक्त गोठण्याचा आणि गर्भपाताचा धोका असतो आणि त्यावर ॲस्पिरिन, हेपॅरिन असे चांगले उपाय आहेत.

आणि एक, जे कुणी आधी सांगत नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तपासण्यांत व्हीडीआरएल असते, सिफिलिससाठी. ल्युपसच्या काही पेशंटमध्ये याच अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीमुळे ती खोटी पॉझिटिव्ह येते. यावरून घरात नवराबायकोत नको ते संशय आल्याची उदाहरणं आहेत. तशी आली तर टीपीएचए नावाची टेस्ट करा, खरं काय ते तिच्यात कळतं.

प्रश्न : अँटी-टीपीओ ६०० आलंय, टीएसएच ३.१. गोळी चालू करावी का? अँटीबॉडी कमी कशा करायच्या? (ठाणे, वय ३५)

टीपीओ अँटीबॉडी सांगते की थायरॉइड ग्रंथीवर प्रतिकारशक्तीचा डोळा आहे, ग्रंथी काम करतेय का ते टीएसएच सांगतो, आणि तुमचा टीएसएच ठीक आहे. गोळी टीएसएच बघून देतात, टीपीओ बघून नाही. ६०० चे ३०० करण्याच्या मागे लागू नका, त्यासाठी विकले जाणारे डाएट आणि पावडरी घेऊ नका. वर्षातून एकदा टीएसएच, आणि दिवस राहायचे असतील तर आधी आणि राहिल्यावर लगेच.

तुम्ही केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेताय असं लिहिलंय. जास्त डोसचं बायोटिन बऱ्याच लॅबमध्ये थायरॉइडच्या रिपोर्टची गडबड करतं, टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दाखवतं. पुढच्या टेस्टच्या किमान दोन दिवस आधी ती थांबवा आणि लॅबमध्ये सांगा.

प्रश्न : बाबांचा सीआरपी सोलापूरच्या लॅबमध्ये ०.९ होता, आठ दिवसांनी पुण्यात ९ आला. दहापट वाढला, ॲडमिट करावं का?

आकड्यापुढचं युनिट बघा. एका लॅबने मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये दिलंय, दुसरीने मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, ०.९ आणि ९ एकच आहेत. पाठवलेल्या दोन्ही फोटोंत हेच दिसतंय. शक्यतो एकाच लॅबमध्ये करत जा, आणि जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये लावून न्या, मला तरी एका रिपोर्टपेक्षा मागच्या चार रिपोर्टमधून जास्त कळतं.

प्रश्न : आईला आमवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू आहे. आता दुखत नाही तरी दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला का सांगतात? (परभणी)

ही तपासणी आजारासाठी नाही, औषधासाठी आहे. मेथोट्रेक्सेट उत्तम औषध आहे, गेली कित्येक वर्षं आमवाताच्या उपचाराचा पाया तेच आहे, पण ते लिव्हरवर आणि हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या मगजावर परिणाम करू शकतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. म्हणून सीबीसी, एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) आणि क्रिएटिनिन. सीबीसीत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट घसरल्या तर पेशंटला काही जाणवायच्या आधी कळतं आणि डोस बदलता येतो.

आणि आईच्या गोळ्या आज घरी जाऊन स्वतः बघा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ठरलेल्या वारी. घरातल्या वयस्कर माणसांना बाकीच्या सगळ्या गोळ्या रोज घ्यायची सवय असते आणि चुकून हीही रोज घेतली जाते, त्याने तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरात वार लिहा, फॉलिक ॲसिडचं पाकीट वेगळं ठेवा, आणि ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर पुढचा डोस न देता आधी डॉक्टरांना फोन करा.